बारा एक्केचाळीसचा गुन्हेगार

मिशिगनमधल्या नोव्हायच्या मराठी शाळेत मी कॅमेरा बसवला, त्याची हकीकत आजवर इतक्या लोकांनी इतक्या परींनी सांगितली आहे की एकदा मीच ती सांगून टाकलेली बरी. गेल्या गणपतीत तर डब्लिनहून, म्हणजे ओहायोतल्या डब्लिनहून, आलेल्या एका गृहस्थांनी ती मलाच ऐकवली आणि वर "असतात हो एकेका मंडळात असे नमुने" असंही म्हणाले. मी हसलो. हातात प्रसादाची ताटली होती, दुसरं काय करणार?

मी तेव्हाही शाळाप्रमुख होतो, आजही आहे. २००५ साल. आमची शाळा दर रविवारी अकरा ते साडेबारा, एका अमेरिकन प्राथमिक शाळेच्या चौदा नंबरच्या खोलीत भरायची. मुलं सव्वीस. शिकवायची लतिका, आणि बाकी सगळं मी. बाकी सगळं म्हणजे काय, असं माझी बायको शुभा नेहमी विचारते. तिला सांगतो तेच तुम्हालाही सांगतो. हजेरी घेणं, मुलांना ओळीत उभं करणं, "मराठीत बोला" असं दर चार मिनिटांनी ओरडणं, आणि शाळा सुटल्यावर खोली जशी मिळाली तशी परत करणं. पोरं आणि पालक पार्किंगमध्ये गप्पा मारत उभे असायचे तेव्हा मी आणि माझी नऊ वर्षांची स्वानंदी आतच असायचो. ती सांडलेला चिवडा वेचायची, मग हजेरीचं पुस्तक घेऊन गाडीकडे जायची. मी फळा पुसायचो, खुर्च्या सरळ करायचो आणि खोली व्यवस्थित बंद करून निघायचो. लतिका म्हणायची, "शंतनू, तू नसतास ना, तर यांनी आपल्याला केव्हाच हाकललं असतं." हे वाक्य पुढे लागणार आहे म्हणून इथे नोंदवून ठेवतो.

ही खोली मिळायच्या आधी शाळा लतिकाच्या बेसमेंटमध्ये भरत होती. तिथे मधोमध ट्रेडमिल होती आणि निम्मी पोरं बाराखडी तिच्यावर चालत म्हणायची. त्यामुळे चौदा नंबरच्या खोलीचं आम्हाला किती अप्रूप होतं ते सांगायला नको. खोली मिसेस कोवाल्स्कींची. स्वानंदी सोम ते शुक्र याच शाळेत जायची, आणि आदल्या वर्षी याच बाईंच्या वर्गात होती. बाईंवर तिचा इतका जीव होता की घरी आमचं काही चुकलं की "मिसेस कोवाल्स्की वुड नेव्हर से दॅट" हे ऐकावं लागायचं.

तर मार्चमध्ये प्रिन्सिपल बाईंचं पत्र आलं. पत्र आलं, कारण त्यांनी चार वेळा घरी फोन केला आणि चारही वेळा मशीनने निरोप घेतला नाही. आमचं आन्सरिंग मशीन मुळातच सदोष आहे. आम्ही घरी असलो की चालतं, बाहेर पडलो की मरतं. मायक्रोवेव्हच्या घड्याळाचीही तीच तऱ्हा, बाहेरून येऊन बघावं तर बारा वाजलेले. मी स्वतः एका मोटारीच्या वायरिंग बनवणाऱ्या कारखान्यात क्वालिटीच्या खात्यात आहे. कुठली वायर कुणी चुकीची जोडली हे शोधून काढायचं आणि त्याच्या साहेबाला कळवायचं, यावर माझं पोट भरतं. त्यामुळे इतरांच्या मालाबद्दल मी बोलू नये, पण ते मशीन मी दोनदा बदलून आणलं होतं आणि दोन्ही मशीन तितकीच वाईट निघाली.

पत्रात लिहिलं होतं की दर सोमवारी चौदा नंबरच्या खोलीतला कॉम्प्युटर बंद पडलेला असतो, पेन्सिलला टोक काढायचं यंत्र चालत नाही, आणि रेडिओच्या घड्याळात मध्यरात्र लुकलुकत असते. रविवारच्या मुलांच्या वर्तनाकडे लक्ष द्यावं. एप्रिलमध्ये मुलं इन्क्युबेटरमध्ये कोंबडीची अंडी उबवणार आहेत, तोवर हा प्रकार थांबायलाच हवा. शेवटी "वुई लव्ह हॅविंग यू हिअर, बट". अमेरिकन माणूस "बट" म्हणाला की आपण सामान बांधायला घ्यावं.

आमच्या घरी कमिटीची तातडीची मीटिंग झाली. मराठी माणसाची तातडी कांदेपोह्यांशिवाय होत नाही, त्यामुळे पहिला अर्धा तास शेंगदाणे आहेत की नाहीत यात गेला. मग मनोहरकाकांनी सूत्रं हातात घेतली. काका म्हणजे लतिकाचे सासरे. नागपूरला चौतीस वर्षं शिक्षक आणि मुख्याध्यापक, आता सहा महिन्यांसाठी मुलाकडे आलेले. शाळा म्हटलं की त्यांना राहवत नाही.

"पोरांचं काम आहे हे. दुसरं कोण करन?" काका म्हणाले. "मी चौतीस वर्षं शाळा चालवली बाप्पा. पोरगा वर्गात शिरला की त्याच्या चालीवरून सांगत होतो, आज हा काय मोडणार ते."

"मग सांगा ना पप्पा, कोण आहे?" लतिका म्हणाली.

"इथली पोरं गाडीतून उतरतात. चाल कुठे दिसते?"

सगळ्यांच्या मनात मात्र एकच नाव होतं. राजस. वय अकरा. या मुलाने मागच्या दिवाळीत मंडळाचा माइक उघडून आत काय आहे ते पाहिलं होतं, आणि सांस्कृतिक कार्यक्रम त्यामुळे मूकनाट्य म्हणून पार पडला होता. त्याची आई सुमेधा समोरच बसली होती, त्यामुळे नाव कोणी घेतलं नाही, पण पोहे खाता खाता सगळे तिच्याकडे बघू लागले. "माझा राजस क्युरिअस आहे, डिस्ट्रक्टिव्ह नाही," ती म्हणाली आणि तिने बशी खाली ठेवली.

वातावरण फारच तापलं तेव्हा मी उभा राहिलो. म्हटलं, संशयाने माणसं दुखावतात, पुरावा कोणाला दुखावत नाही. शाळेच्या कॉरिडॉरमध्ये कॅमेरे आहेतच. आपण रविवारपुरता एक वर्गात लावू. सगळ्यांनी माना डोलावल्या. शुभा तेवढी म्हणाली, "शंतनू, तू यात पडू नकोस." माझ्या आजवरच्या प्रत्येक मोठ्या कामाची सुरुवात शुभाच्या याच वाक्याने झालेली आहे.

आधी कॉरिडॉरची टेप बघितली. शाळेचा कस्टोडियन, म्हणजे इमारतीची देखभाल बघणारा, अर्ल, उंचापुरा, शांत माणूस. त्याने त्याच्या खोलीत बसवून मला ती दाखवली. तिच्यात आमचा अख्खा समाज डब्यांसकट बाहेर पडताना दिसला, आणि एक बाई पिण्याच्या पाण्याच्या नळाखाली डबा विसळताना दिसली. ती बाई आमच्याच घरातली असल्यामुळे मी ती टेप पुढे पळवायला सांगितली. "नाइस पीपल," अर्ल म्हणाला. "लॉट ऑफ बॉक्सेस."

मग परवानगी. वर्गात कॅमेरा म्हटल्यावर प्रिन्सिपल बाईंनी मला शाळांच्या डिस्ट्रिक्टच्या ऑफिसात पाठवलं, डिस्ट्रिक्टने वकिलाकडे, आणि वकिलाने सव्वीस मुलांच्या पालकांकडे. प्रत्येकाची लेखी संमती हवी. आपल्या लोकांना इनकम टॅक्सचा फॉर्म घरबसल्या भरता येतो, पण एका ओळीवर सही करायला तीन रविवार लागतात. एकाने विचारलं, टेपची कॉपी मिळेल का, कारण बडोद्याला आजीला पाठवायची आहे. एकाने लिहून दिलं की त्याच्या मुलीचं चित्रण डाव्या बाजूने करावं. कृष्णा आणि वेदांत या जुळ्यांची तर वेगळीच पंचाईत. त्यांच्या वडिलांनी एकाच फॉर्मवर सही केली आणि दुसरा फॉर्म हरवून ते महिनाभरासाठी भारतात गेले. वकिलाचं म्हणणं, ज्याची सही नाही तो मुलगा चित्रात दिसता कामा नये. शेवटी मी जमिनीवर निळी चिकटपट्टी लावून खोलीचे दोन भाग केले. कृष्णा कॅमेऱ्यात, वेदांत कॅमेऱ्याबाहेर. अर्ध्या तासाने त्यांनी जागा बदलल्या, आणि कोणता कुठे हे त्यांच्या आईलाही कळेना. मी ते वकिलाला कळवलं नाही.

कॅमेरा मी कपाटावर बसवला. त्याची वायर कपाटातल्या व्हीसीआरला जोडली, आणि व्हीसीआरचा प्लग कपाटाशेजारच्या एक्स्टेंशन बोर्डात. बाकीची यंत्रंही त्यातच होती. सहा तासांची टेप घातली. काम इतकं सुबक झालं की मी अर्लला बोलावून दाखवलं. त्यानेही ते बराच वेळ बघितलं.

त्या रविवारी आमची शाळा कधी नव्हे ती पूर्ण भरली. मुली परकर-पोलक्यात, मुलं कुर्त्यात. जी मुलगी गेली दोन वर्षं फक्त "मे आय गो टू द बाथरूम" एवढंच बोलली होती ती उठून अख्खे मनाचे श्लोक म्हणाली. लतिका पैठणी नेसून आली आणि पूर्ण दीड तास फळ्याच्या एकाच बाजूला उभी राहिली. मनोहरकाका पाहुणे म्हणून पाच मिनिटं बोलणार होते, ते बावीस मिनिटं बोलले, तेही मुलांकडे पाठ करून कपाटाकडे बघत. राजस तेवढा हाताची घडी घालून गप्प बसला होता. "बघा, अपराधी मन," माझ्या शेजारी कोणीतरी कुजबुजलं.

संध्याकाळी कमिटी टेप बघायला आमच्याकडे जमली. या वेळी मिसळ होती. शाळा सुटल्याचं दिसलं, मुलं गेली, स्वानंदी हजेरीचं पुस्तक घेऊन गेली. रिकाम्या खोलीत मी फळा पुसताना दिसलो. "हँडसम दिसतोयस रे," लतिका म्हणाली. मी खुर्च्या सरळ केल्या, कपाटाकडे येता येता चौकटीबाहेर गेलो, आणि पडद्यावर एकदम मुंग्या. खाली वेळ बारा एक्केचाळीस.

"मीन्स?" सुमेधाने विचारलं.

"मीन्स, त्याने कॅमेऱ्याचाच प्लग काढला," मी म्हणालो. हे सगळं माझ्या पाठीमागे घडलं होतं. मी खोलीत असताना. चिकटपट्टीच्या पलीकडे, जिथे कॅमेरा पोहोचत नव्हता, तिथे कोणीतरी दडून बसलं होतं आणि मला पत्ताही नव्हता.

सोमवारी मिसेस कोवाल्स्कींची चिठ्ठी आली. कॉम्प्युटर परत बंद.

मी ऑफिसमध्ये वापरतो ती सगळी शस्त्रं बाहेर काढली. मोठ्या कागदावर कारणांचा तक्ता काढला आणि पुढच्या मीटिंगला भिंतीवर लावला. म्हटलं, चार गोष्टी नक्की आहेत. गुन्हेगाराला विजेचं ज्ञान आहे. तो शाळा सुटल्यावर मागे राहतो. कॅमेरा कुठे आहे, बोर्ड कुठे आहे, त्याला नेमकं ठाऊक आहे. आणि त्याच्या मनात या शाळेबद्दल राग आहे.

"शंतनू, पहिल्या तीन तर तुलाच लागू पडतात," लतिका म्हणाली. सगळे खो खो हसले. मीही हसलो, चांगला पोटभर.

अकरा एप्रिलला अंडी आली. बारा. प्रत्येकावर पेन्सिलने एका बाजूला फुली आणि दुसऱ्या बाजूला गोल, म्हणजे दिवसातून तीनदा ती फिरवली की नाही ते कळतं. मधल्या सुट्टीत ती फिरवायला मिसेस कोवाल्स्कींनी स्वानंदीला मदतनीस नेमलं. त्या आठवड्यात आमच्या घरी दुसरा विषय नव्हता. अंड्याला किती ऊब लागते, कितव्या दिवशी हृदय दिसतं, अंधारात टॉर्च धरला की आत लाल रेघा कशा दिसतात. तिने अंडी खाणं सोडलं आणि आमच्या फ्रिजमधल्या अंड्यांवरही फुल्या मारल्या.

मी बोर्डाच्या वर मिसेस कोवाल्स्कींनी लावलेली "प्लीज डू नॉट अनप्लग" ही पाटी पाहिली. आपली मुलं आहेत, त्यांना आपल्या भाषेत सांगितलेलं बरं, म्हणून तिच्या शेजारी माझ्या वळणदार अक्षरात दुसरी लावली: "प्लग काढू नये. आत जीव आहेत. आज्ञेवरून, शाळाप्रमुख." शिवाय रविवारी सगळ्या मुलांकडून ती तीन वेळा मोठ्याने वाचून घेतली. कॅमेरा पुन्हा लावला, नवी टेप घातली आणि शाळा पार पाडली.

संध्याकाळी सहाला फोन वाजला. आम्ही घरी होतो म्हणून लागला. अर्ल होता. इन्क्युबेटर बंद सापडला होता, अंडी गार पडली होती. त्याने प्लग परत लावला, पण बाईंना कळवावं लागेल म्हणाला. टेप आणली. बारा एक्केचाळीस. मुंग्या.

फोन खाली ठेवून मी सगळ्यांना बातमी सांगितली. स्वानंदी सोफ्यावर होती. ती माझ्याकडे बघत राहिली. रडली नाही, काही विचारलं नाही, नुसती बघत राहिली. मला वाटलं, धक्का बसलाय. शुभा म्हणाली, "जेवून घे, बाळा." ती उठून तिच्या खोलीत गेली.

सोमवारी प्रिन्सिपल बाईंनी बोलावून सांगितलं, आणखी एक रविवार. हे पुन्हा झालं तर खोली परत करावी लागेल. त्या रागावल्या नव्हत्या, आणि त्याचंच मला जास्त वाईट वाटलं. त्याच दिवशी संध्याकाळी कमिटी आमच्याकडे जमली, आणि या वेळी शेंगदाण्यांचं नाव कोणी काढलं नाही. राजसने यापुढे शाळेत येऊ नये असा ठराव मांडायचा होता. सुमेधाचे डोळे भरून आले होते, राजस तिच्या शेजारी मान खाली घालून बसला होता. "मी नाही केलं," एवढंच तो म्हणाला. मराठीत. अकरा वर्षांत या मुलाने माझ्यासमोर स्वतःहून बोललेलं ते पहिलं मराठी वाक्य होतं, आणि मी त्याला त्याबद्दल शाबासकीही देऊ शकलो नाही.

तेवढ्यात जिन्यावरून आवाज आला. "राजस डिडन्ट डू इट. आय डिड."

स्वानंदी पायरीवर उभी होती. नाईटसूटमध्ये, हात पाठीमागे.

मी म्हणालो, "काय केलंस?"

"आय अनप्लग्ड एव्हरीथिंग. एव्हरी संडे."

"का?"

तिने जरा विचार केला. "बिकॉज... मजा म्हणून."

लोक कधी उठले, कधी गेले, मला आठवत नाही. सुमेधा जाताना माझ्याशी बोलली नाही, ते मात्र आठवतं. इतर सगळे सहानुभूतीने बोलले आणि ते जास्त लागलं. मनोहरकाकांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "मुख्याध्यापकाचंच पोरगं वाया जातं, शंतनूराव. मी पाहिलंय हे." ज्याने सव्वीस मुलांच्या वर्तनावर कॅमेरा लावला त्याच्याच घरात हे निघावं! मी स्वानंदीला फार बोललो. काय काय बोललो ते लिहीत नाही. तिच्याकडून माफीची चिठ्ठी लिहून घेतली. दुसऱ्या दिवशी तिने ती मिसेस कोवाल्स्कींना दिली आणि अंड्यांची मदतनीस म्हणून गळ्यात घालायचा बिल्ला परत केला. घरी आल्यावर ती पाणी प्यायली आणि गृहपाठाला बसली. मला वाटलं, किती निर्ढावली आहे.

शुभा एवढंच म्हणाली, "खोटं बोलताना ती अंगठे मुठीत धरते. काल हात पाठीमागे होते."

"म्हणजे?"

"म्हणजे मला दिसले नाहीत. पण पाठीमागे का होते?"

आईचं मन, असं म्हणून मी ते सोडून दिलं.

त्या शेवटच्या रविवारी स्वानंदीला मी माझ्या खुर्चीशेजारी नजरेखाली बसवलं. एकूण एक मूल तिच्याकडे चोरून बघत होतं. राजसने मधल्या वेळात आपल्या डब्यातली अर्धी पोळी न बोलता तिच्यापुढे सरकवली. शाळा सुटली. सगळं नीट झालं. मी मुद्दाम खात्री करून घेतली, खोलीत कोणी दडलं नव्हतं, आणि खोली व्यवस्थित बंद करून निघालो. संध्याकाळी अर्लचा फोन आला की सगळं चालू आहे, अंडी गरम आहेत. कमिटी आमच्याकडे जमलीच होती. मी टाळी वाजवली. म्हटलं, बघा, मूल आपलं असलं तरी शिस्त लावली की सुधारतं.

"थांब," शुभा म्हणाली. "आधी हे बघू." आणि तिने टीव्हीला आमचा छोटा हँडीकॅम जोडला. बॅटरीवर चालणारा, बारशांना वापरतो तो. सकाळी तिने तो खिडकीतल्या पुस्तकांमध्ये, एक्स्टेंशन बोर्डाच्या बरोबर समोर ठेवला होता, आणि मला सांगितलं नव्हतं.

पडद्यावर बोर्ड दिसला, वर दोन पाट्या, बाजूला इन्क्युबेटरचा पिवळा दिवा. बराच वेळ काही नाही. मग निळ्या स्वेटरमधला, मागून टक्कल पडत चाललेला एक मनुष्य चित्रात आला. तो काहीतरी गुणगुणत होता. तो पाट्यांसमोर थांबला. त्याने मराठी पाटी वाचली, तिचा सुटलेला कोपरा अंगठ्याने नीट दाबून बसवला, एक पाऊल मागे जाऊन ती सरळ आहे ना ते बघितलं. आणि मग वाकून, गुणगुणणं जराही न थांबवता, बोर्डाचा प्लग भिंतीतून उपटून वायरीची छान गुंडाळी करून ठेवली.

तो स्वेटर शुभाने मला वाढदिवसाला दिलेला होता. त्यामुळे ओळख पटवायला वेळ लागला नाही. पण देवाशपथ सांगतो, मला यातलं काहीही आठवत नव्हतं. घरातून निघताना गॅस, नळ, दिवे आणि सगळी बटणं बंद, हे वडिलांनी माझ्या हातात असं बसवलंय की त्यात डोक्याचा संबंधच येत नाही. आपल्याकडे भिंतीवर बटण असतं. इथे नसतं. म्हणून हात प्लगच काढतो. माझं आन्सरिंग मशीन डोळ्यापुढे आलं. मायक्रोवेव्ह आला. मशीन बदलून देणाऱ्या दुकानदाराला मी जे बोललो होतो तेही आठवलं.

"संपलं नाहीये," शुभा हळूच म्हणाली.

पडद्यावर दिवा विझलेला. रिकामी खोली. साधारण वीस सेकंदांनी दार ढकलून स्वानंदी आत आली, एकटीच, धावत. गुडघ्यांवर बसून बोर्डाशी वाकली, प्लग लावला. पिवळा दिवा लागला. तिने इन्क्युबेटरच्या काचेवर तळहात ठेवला आणि आत बघत थोडा वेळ तशीच बसली. मग बाहेरून माझी हाक ऐकू आली, "स्वानंदी, कुठे राहिलीस? उशीर होतोय!" आणि ती पळाली.

सुमेधाने डोळे पुसले. मनोहरकाकांनी घसा साफ केला. "चांगल्या घरचं वळण आहे हे, शंतनूराव. वीज वाचवणं. फक्त अंडी दुसऱ्याची होती."

मी स्वानंदीला विचारलं, "तुला कधी कळलं?"

"त्या दिवशी. अर्लचा फोन आला तेव्हा." ती आता मराठीत बोलत होती. "माझं नाइटलाइट तू रोज काढतोस ना. मी रोज परत लावते."

"मग सांगितलं का नाहीस? माझ्या नावावर का नाही घातलंस?"

तिने खांदे उडवले. "यू लव्ह बीइंग शाळाप्रमुख, बाबा. तू इतका हॅपी असतोस संडेला."

मी उठून स्वयंपाकघरात गेलो. तिथे मला रडू आलं, चांगलं हुंदके देऊन, आणि मग मी परत येऊन राजसपुढे उभा राहून सगळ्यांदेखत त्याची माफी मागितली. तो म्हणाला, "इट्स ओके, काका. तुमचा व्हीसीआर मी उघडून बघू?" मी तो त्याला देऊन टाकला.

सोमवारी अर्धा दिवस रजा टाकून मी स्वानंदीला घेऊन चौदा नंबरच्या खोलीत, मिसेस कोवाल्स्कींच्या तेवीस विद्यार्थ्यांपुढे उभा राहिलो. आधी स्वानंदीची माफीची चिठ्ठी परत मागून घेतली. बाईंनी ती दिली आणि वाकून स्वानंदीच्या गळ्यात बिल्ला परत घातला. त्यांनी तिला इतकी घट्ट मिठी मारली की बिल्ला मध्येच अडकला. मग मी मुलांना सगळं खरं सांगितलं.

पहिल्या बाकावरच्या एका मुलीने हात वर केला. "डिडन्ट यू सी द साइन?"

"आय रोट द साइन," मी म्हणालो.

वर्गात असा काही उसासा उमटला की मी जमिनीकडे बघू लागलो. त्या वर्गात वर्तनाचा एक तक्ता होता, प्रत्येकाच्या नावाचं हिरवं कार्ड. चूक केली की पिवळं, मोठी चूक केली की लाल. मुलांनी माझं नाव चिकटवून मतदान घेतलं. सतरा विरुद्ध सहा मतांनी मला पिवळं मिळालं. लाल म्हणणारे सहा जण अंड्यांच्या शेजारी बसणारे होते, त्यांचं मी समजू शकतो.

अंडी एक दिवस उशिरा फुटली, पण बारातली अकरा फुटली. सगळ्यात शेवटच्या पिल्लाचं नाव मुलांनी एकमताने "प्लग" ठेवलं. खोली आमच्याकडे राहिली. मी शाळाप्रमुखपद सोडलं नाही, कारण कोणी ते घ्यायला तयार होईना. कॅमेरा मात्र काढला.

आता दर रविवारी शाळा सुटली की स्वानंदी पार्किंगमध्ये जात नाही. मी फळा पुसतो, खुर्च्या सरळ करतो, आणि निघताना ती येऊन माझा उजवा हात घट्ट धरते. आम्ही तसेच चौदा नंबरच्या खोलीतून, अख्ख्या कॉरिडॉरमधून, अर्लच्या समोरून बाहेर पडतो. लोक म्हणतात, केवढं प्रेम आहे लेकीचं बापावर. प्रेम आहेच, पण तो बंदोबस्त आहे. त्या हाताची बोर्डाकडे जाण्याची सवय माझ्या मते कधीच सुटली आहे. हे मी तिला अजून सांगितलेलं नाही.